पाटावरच्या दोन दगडांचं माप

वसईजवळ उमेळ्याला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये माझी जुनी गाडी उभी असते. रविवारी कुणी ना कुणी तिच्यापाशी थांबतंच. कुणी फोटो काढतं, कुणी बोनेटवरून हात फिरवतं. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ तर मुलीच्या लग्नात वरातीला देणार का, म्हणून दोनदा विचारून गेले. "काका, काय ठेवलीय गाडी! चाकंसुद्धा ओरिजिनल!" असं कुणी म्हणालं की मी हसतो, मान डोलावतो आणि दूध आणायचं निमित्त काढून सटकतो. आतून राग येतो. त्या बिचाऱ्यांचा नाही, माझाच. हीच चाकं तिला वेळेवर असती तर हे सगळं लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

गाडी वडिलांची. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. घरात आमची बोली वेगळी आहे, ती जशीच्या तशी लिहिली तर बाहेरच्या माणसाला निम्मी कळणार नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी इथे सरळ करून लिहितो आहे. त्यांच्या तोंडची धार त्यात जराशी कमी होते, त्याला इलाज नाही.

तिथून जवळच निर्मळला, तळ्याकाठच्या देवळाच्या गावात, आमची वाडी आहे. सोनचाफा, मोगरा, केळी. मी शाळेत होतो तेव्हा दादांनी मुंबईच्या एका डॉक्टरांकडून ही गाडी जुनी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. पण गोल दिवे आणि स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर म्हटलं की ज्यांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून प्रवास केलाय त्यांनी ती ओळखली असेल. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी दादांनी तिची मागची सीट काढून माळ्यावर टाकली आणि तिथे फुलांच्या टोपल्या रचल्या. आईचा चेहरा पडला. गाडी आली म्हणजे आता ऐटीत देवळात जायचं, असं तिने मनात धरलं होतं. पुढे ती देवळात गेली ती पुढच्या सीटवर, मांडीवर एक टोपली घेऊनच.

आमचं घर वाडीच्या आत, रस्त्यापासून दोनशे पावलांवर. मध्ये विहिरीचं पाणी वाडीभर फिरवणारा पाट आडवा जातो. गाडी अंगणात न्यायची तर पाट ओलांडायला हवा. दुसऱ्या कुणी त्यावर लादी टाकून घेतली असती. दादांनी त्या आठवड्यात पाटाचं पाणी बंद केलं, तेवढा तुकडा मातीने भरून सपाट केला आणि ओल्या मातीवरून गाडी एकदा पुढे नि एकदा मागे नेली. मातीत चाकांच्या दोन खुणा उमटल्या. त्या खुणांच्या बरोबर जागी त्यांनी पडक्या विहिरीच्या काठाचे दोन लांब दगड बसवले आणि मग माती उकरून पाट मोकळा केला. दगड वीतभर रुंद. मी विचारलं, जरा रुंद का नाही घेतले? ते म्हणाले, "चाकाला लागतो तेवढा दगड. जास्तीचा काय तू उचलणार होतास?"

त्या दोन दगडांवरून दादांनी गाडी तीसेक वर्षं नेली-आणली. पावसात, अंधारात, मागे फुलांचं ओझं घेऊन. एकदाही चाक घसरलं नाही. रस्त्यावरून बघणाऱ्याला पाटावर दगड आहेत हे कळायचंसुद्धा नाही, गाडी पाण्यावरून गेल्यासारखी वाटायची. आम्हा मुलांना त्याचा फार तोरा होता.

गाडीचं इंजिन टकटक करायचं. शेजारच्या गावात दादांचे एक मिस्त्री होते. ख्रिस्ती, दादांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण दादांशी बरोबरीने भांडणारे. ते म्हणायचे, टॅपेटचा आवाज आहे, अर्ध्या तासात घालवतो. दादांनी कधी घालवू दिला नाही. कारण उजाडायच्या आत ते गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटं अंगणात तशीच ठेवत आणि ती टकटक आमच्या आळीत शेवटच्या घरापर्यंत ऐकू जायची. ती ऐकली की शेजारच्या काक्या आपापल्या टोपल्या उचलून आमच्या बांधावर येऊन उभ्या राहायच्या. कुणाची जाई, कुणाचा मोगरा, कुणाची नुसती तुळस. सगळ्यांच्या टोपल्या घेऊन दादा स्टेशनला जायचे, तिथून फुलं दादरला. कुणाला हाक मारायची नाही, कुणासाठी हॉर्न वाजवायचा नाही. ज्यांच्या घरात घड्याळ होतं त्यासुद्धा त्या टकटकीवरच उठायच्या.

मग दादांना काचबिंदू झाला. दिसायचं हळूहळू कमी झालं आणि एक दिवस त्यांनी स्वतःच किल्ली खुंटीला लावली. फुलांसाठी टेंपो येऊ लागला. गाडी विहिरीजवळ झावळ्यांच्या छपराखाली गेली आणि तिथेच राहिली. धाकटा भाऊ वाडी बघायचा, दादा त्याच्याजवळ. मी नोकरीमुळे उमेळ्याला फ्लॅटमध्ये.

नोकरी कसली, तेही सांगायला हवं, कारण खरी थट्टा तिथेच आहे. वसई पूर्वेला एका कारखान्यात मी तयार मालाची तपासणी करायचो. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंची मापं घ्यायची आणि केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवायचा, हे मी पस्तीस वर्षं केलं. कामगार मला मागे काय काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे. त्यातलं निम्मं मला आवडायचंही.

निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत मी घरात सगळ्यांना नकोसा झालो. बायको म्हणाली, "डब्यांची झाकणं तपासणं बंद करा आणि काहीतरी हातात घ्या." तेव्हा मला ती गाडी आठवली. दादा सत्त्याऐंशीचे झाले होते, दिसणं केव्हाच पूर्ण गेलं होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून ओटीवरून अंगणात यायलाही त्यांना काठी आणि कुणाचा तरी खांदा लागायचा. मी निर्मळला जाऊन म्हटलं, "दादा, गाडी पुन्हा चालू करतो."

त्यांनी काठी चाचपून जवळ ओढली. मग म्हणाले, "मला तळ्याला एक फेरी मारून आण. देवळापाशी जरा थांब. बस." आणि मी निघताना मागून म्हणाले, "अंगणात आण हं. रस्त्यापर्यंत मला जमायचं नाही. आवाज आला की मी काठी घेऊन उठतो."

इतकं साफ सांगितलं होतं त्यांनी. दोनच गोष्टी: गाडी अंगणात यायला हवी आणि तिचा आवाज यायला हवा. मी हो म्हटलं आणि वाटेत दोन्ही विसरलो.

ट्रॅक्टरला दोर लावून गाडी बाहेर काढली त्या दिवशी ती त्या दोन दगडांवरून सरळ गेली. मी मागून चालत होतो आणि मोबाइलवर अलॉय चाकांचे फोटो बघत होतो. हे मला आता रोज आठवतं.

आधी मी जुन्या मिस्त्रींना दाखवली. त्यांचं वय झालं होतं, तरी खाली वाकून त्यांनी इंजिनाला कान लावल्यासारखं केलं, बंद इंजिनाला. म्हणाले, "ब्लॉक चांगला आहे. बोअर करून घेऊ, पिस्टन-रिंगा नव्या टाकू. तीन महिने दे. चाकं हीच ठेव, फक्त सरळ करून रंगवून घेऊ." मला ते पटलं नाही. इतके पैसे घालायचे, एवढी हौस करायची आणि शेवटी हाती काय, तर तीच खडखड? मी म्हटलं, गाडी उठून दिसली पाहिजे. ते म्हणाले, "तुझ्या बापाला विचारलंस?"

"त्यांना सरप्राइज द्यायचंय," मी म्हटलं.

"आंधळ्या माणसाला दिसण्याचं सरप्राइज देतोस?" असं ते म्हणाले आणि हात पुसून आत गेले. मला झोंबलं. जुनी माणसं अशीच तुसडी, असं बायकोला सांगून मी मोकळा झालो.

मग हायवेच्या बाजूचा एक गॅरेजवाला सापडला. तरुण, बोलायला गोड, जुन्या गाड्या नव्या करण्यात त्याचं नाव होतं. "अंकल, ओरिजिनल इंजिनमध्ये आता दम नाय राहिला. आपण नवीन गाडीचं इंजिन बसवू, गिअरबॉक्सके साथ. एकदम मक्खन. चालू आहे का बंद, कळणार पण नाय." चालू आहे का बंद कळणार नाही, हे ऐकून मी खूश झालो. दादांचं वय झालंय, मिस्त्रींचे तीन महिने थांबायला वेळ कुठे आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. या नव्या इंजिनाला प्रत्यक्षात आठ महिने लागले. आधी ते बसेना म्हणून इंजिन ज्यांवर टेकतं ते खालचे पाय कापून नवे केले, मग गिअर स्टिअरिंगवरून खाली जमिनीवर आला, मग कागदपत्रांसाठी खेटे. जुनं इंजिन गॅरेजवाल्याने ठेवू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, काय करायचंय, जाऊ दे भंगारात.

चाकांसाठी मी जे केलं त्याची तर मला लाज वाटते. दीड महिना मी नुसते व्हिडिओ बघितले. पाच आऱ्यांची की जाळीची, चंदेरी की काळी. सकाळी ठरवायचो, संध्याकाळी बदलायचो. शेवटी रुंद टायरची जाळीची चाकं घेतली. ती आत घासू लागली तेव्हा गॅरेजवाल्याने आतून जाड चकत्या घालून ती बाहेर सरकवली. त्यामुळे चाकं मडगार्डच्या जराशी बाहेर आली आणि गाडी पाय फाकून उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. मी टाळी वाजवली. मापाचा धंदा करणाऱ्या माणसाने एकदाही टेप काढली नाही. जुनी चाकं मी फेकणार आहे हे मिस्त्रींच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी मात्र निरोप पाठवला, "फेकणार असशील तर मला दे." मी रिक्षाने पाठवून दिली. डोक्यावरचा भार गेला असंही वाटलं.

गाडी तयार झाली तो दिवस गुरुवारचा. दुपारी चारच्या सुमारास मी ती निर्मळला नेली. बायको शेजारी होती, मागे नवी कातडी सीट. भावाला सांगून ठेवलं होतं की दादांना धुतलेला सदरा घालून ओटीवर बसव. वाडीच्या तोंडाशी वळलो, दुतर्फा केळी, रस्ता ओला. पाटापाशी आलो आणि भाऊ समोरून दोन्ही हात वर करून ओरडत आला, "थांब, थांब!"

मी खाली उतरून पाहिलं. पुढची दोन्ही चाकं दगडांवर अर्धी आणि पाण्यावर अर्धी होती. डाव्या बाजूचा दगड बाहेरून दाबला जाऊन किंचित तिरका झाला होता. अजून हातभर पुढे गेलो असतो तर नवी कोरी गाडी पाटात बसली असती. कारखान्यात आमच्याकडे एक साधं माप असायचं. ते भोकात गेलं तर माल पास, नाही गेलं तर नापास, बाकी चर्चा नाही. ते मी हजारो वेळा वापरलं होतं. दादांचे दोन दगड पन्नास वर्षं तेच काम करत पडून होते आणि त्यांनी माझा माल परत पाठवला.

गाडी मागे घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि मी चालत अंगणात गेलो. दादा ओटीवर खुर्चीत बसले होते. सदरा इस्त्रीचा, काठी गुडघ्यांमध्ये उभी, तोंड पाटाच्या दिशेने. भावाचा ओरडा आणि माझी पावलं ऐकून म्हणाले, "कुणाची गाडी आली? पाहुणे असतील तर चहा ठेवायला सांग. आपली गाडी यायचीय म्हणून मी इथे बसलोय."

मी म्हटलं, "दादा, आपलीच आहे."

"आपली कुठे? आपली वाजते."

मी नव्या इंजिनाचं सगळं कौतुक सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "गिअर कुठे आहे?" मी म्हटलं, खाली, जमिनीवर. त्यांचा डावा हात काठीवरून उठला, हवेत जुन्या गिअरच्या जागी जरासा फिरला आणि परत काठीवर आला. मग त्यांनी विचारलं, "आत का नाही आणलीस?"

भावाने मध्ये तोंड घातलं, गाडी दगडांवर बसत नाही म्हणून. त्याने खुर्चीसकट दादांना उचलून रस्त्यावर नेऊ असं सुचवलं. दादा म्हणाले, "माझ्या गाडीत बसायला मला कुणी उचलून न्यायला नको." मी म्हटलं, समोर इमारतीचं काम चालू आहे, तिथून लोखंडी पत्रा आणून पाटावर टाकतो, तासाभराचं काम. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पत्रा कशाला? तिची चाकं लाव तिला. मी थांबतो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच बहुधा माझा भडकला. आठ महिने उन्हातान्हात गॅरेजच्या फेऱ्या, आणि यांना एक शब्द चांगला बोलवत नाही. मी बायकोसमोर, भावासमोर म्हटलं, "तुम्हाला आयुष्यात काही पसंत पडलंय का? आईलासुद्धा टोपलीखाली बसवलंत!" बोललो आणि त्याच क्षणी मला कळलं की हे बोलायला नको होतं. पण कळूनही मी थांबलो नाही. चहा न घेता गाडीकडे गेलो. बायको वाटेत म्हणाली, "पत्रा आणला असता तर?" मी गाडीचा वेग वाढवला.

पत्रा समोरच पडलेला होता. दोन माणसांनी उचलला असता. दादा कुरकुर करत का होईना बसले असते, तळ्याला वळसा झाला असता, देवळापाशी थांबलो असतो. मला हे तेव्हाही ठाऊक होतं. पण तेव्हा माझं म्हणणं असं होतं की आता त्यांनी बोलवावं, मग मी जाईन.

ते कसले बोलवतात. मी आठ दिवस निर्मळला गेलो नाही. नवव्या दिवशी थोडा निवळलो आणि मिस्त्रींकडे चाकं मागायला गेलो. चाकं त्यांच्या पत्र्याच्या शेडमागे होती. एकाच्या खोलगट बाजूत कोंबड्यांसाठी पाण्याची परात बसवून ठेवली होती. त्यांनी काही सुनावलं नाही, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "एक वाकलंय, ते ठोकून देतो. चार दिवस दे." मी त्यांना चार दिवस दिले. तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला की दादांना ताप आहे, छातीत कफ झालाय, दवाखान्यात नेतोय. मी पोहोचलो तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी कानाशी वाकून म्हटलं, "दादा, चाकं मिळाली. जुनीच. रविवारी आणतो." त्यांनी माझा हात दाबला, की दम लागल्यामुळे हात आवळला गेला, हे मला सांगता येत नाही. शनिवारी ते गेले.

भाऊ नंतर सहज म्हणून बोलून गेला. त्या गुरुवारनंतर दादा रोज दुपारी चार वाजता तो सदरा मागून घ्यायचे आणि ओटीवर येऊन बसायचे. पाटावरचा तिरका झालेला दगडही त्यांनी गड्याला सांगून सरळ करून घेतला होता. खुर्चीत बसून, नुसत्या आवाजावर, "अजून जरा डावीकडे" असं सांगत. म्हणजे त्यांनी मला बोलावलं नव्हतं, पण ते वाट बघत होते. रागावून फक्त मी बसलो होतो.

तेरावं झाल्यावर मिस्त्रींनी चाकं आणून दिली. चारही रंगवलेली, मधोमध झाकणाच्या वाट्या चकचकीत. माझ्या पार्किंगमध्ये त्यांनी स्वतः बसून आतल्या चकत्या काढल्या आणि ती चढवली. मी जुन्या इंजिनाचं विचारलं तेव्हा त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. मी गॅरेजवाल्यालाही फोन करून पाहिला. ते कधीच फोडून भंगारात गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच गाडी घेऊन निर्मळला गेलो. वाडीच्या तोंडाशी वळलो, पाटापाशी आलो, थांबलो नाही. चारही चाकं त्या वीतभर दगडांवरून अशी गेली की मला खाली पाणी आहे हे जाणवलंसुद्धा नाही. गाडी अंगणात, ओटीच्या समोर आणून उभी केली. खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती. मी स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिलो आणि मग मला रडू आलं. साठी उलटलेल्या माणसाने कसं रडावं याची लाज न बाळगता रडलो.

शेजारच्या काकी बांधावर बसून कळ्या निवडत होत्या. दादांच्या गाडीने सर्वांत जास्त टोपल्या पाठवल्या असतील तर त्यांनी. पाठ आमच्या अंगणाकडे होती. बऱ्याच वेळाने त्या वळल्या, गाडी बघून दचकल्या आणि सुपातल्या कळ्या सावरत जवळ आल्या.

"अगो बाई, गाडी आत आली कवा?" त्या म्हणाल्या. "आवाजच नाय आला रे."

इंजिन तेव्हाही चालूच होतं.